कर्जत ते फणसाड, व्हाया एक चेक

डिसेंबरातल्या त्या शनिवारी पहाटे साडेपाचला आम्ही डोंबिवलीहून निघालो, तेव्हा गाडीत तीन गोष्टी होत्या. थर्मासभर चहा, नवरोबाच्या कॉलेजच्या काळातली दुर्बीण आणि डॅशबोर्डच्या खणात ५१ हजारांचा एक चेक. सही केलेला, तारीख टाकलेला. फक्त नाव लिहायचं बाकी होतं.

चेकची भानगड अशी. आमचं लग्न होऊन दोन वर्षं झाली. भाड्याचं घर, दर अकरा महिन्यांनी घरमालकाचा तोच गोड आवाज आणि तीच भाडेवाढ. डोंबिवलीत घ्यावं तर झेपत नाही. मग एक दिवस मोबाइलवर जाहिरात आली. कर्जतला ‘सेकंड होम’, डोंगराचा व्ह्यू, टोकन फक्त ५१ हजार, ऑफर रविवार रात्रीपर्यंत. आता सेकंड होम म्हणजे ज्याला फर्स्ट होम आहे त्याच्यासाठी. आमचं हे पहिलंच असणार होतं आणि रोज कर्जत लोकल पकडून सीएसएमटी गाठणं आलं. दोन तास जायला, दोन यायला. हे दोघांनाही माहीत होतं, पण बोलत कुणीच नव्हतं.

शिवाय आणखी एक टोचणी होती, ती फक्त माझी. लोनच्या फॉर्मवर सहअर्जदाराच्या उत्पन्नाचा रकाना होता. मी सहा वर्षं फ्रीलान्स लिहितेय. सॅलरी स्लिप नाही, फॉर्म १६ नाही. फॉर्म भरून घेणाऱ्या माणसानं अगदी सभ्यपणे विचारलं, “मॅडमचं निरंक टाकू ना?” नवरा पटकन ‘हो’ म्हणाला. वेळ वाचावा म्हणून म्हणाला असेल. मला तो ‘हो’ आठवडाभर ऐकू येत होता.

तर बेत असा ठरला. शनिवारी कोंडाणे लेणी बघायची, मग साइट व्हिजिट, चेक देऊन टाकायचा आणि सेलिब्रेट करायला समुद्राकडे, म्हणजे मुरूडजवळच्या फणसाडच्या जंगलात. नवरोबाला खरं तर समुद्रकिनाऱ्यावरचं नॅशनल पार्क हवं होतं, सिनेमात असतं तसं, एका बाजूला झाडी आणि दुसऱ्या बाजूला लाटा. आपल्याकडे त्याच्या सगळ्यात जवळ जाणारं काही असेल तर फणसाड. कागदोपत्री ते नॅशनल पार्क नाही, अभयारण्य आहे. पण शेकरूला त्यानं काय फरक पडतो?

बदलापूर सोडलं की थंडी खरी वाटायला लागते. उजवीकडे माथेरानचा डोंगर, मध्ये उल्हास नदी आणि तिच्यावर धुक्याची गादी. कर्जत स्टेशनवर गाडी लावून आम्ही आधी दिवाडकरांचा वडा खाल्ला. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला इंजिन लागतं ना, तसा कोंडाण्याची चढण चढायला हा वडा लागतो!

कर्जतहून कोंदिवडे गाव पंधरा-वीस मिनिटांवर. गाडी गावातच ठेवायची. पुढे तासाभराची चाल, शेवटचा टप्पा दाट झाडीतून आणि चांगलाच चढाचा. समोर राजमाचीचा डोंगर, त्याच्या माथ्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले. याच डोंगरांतून उल्हास निघते. म्हणजे आमच्या डोंबिवलीच्या नळाला जे पाणी येतं त्याचं हे माहेर. नवरोबाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “मग इकडून थेट बाटलीच भरून नेऊ, टँकरचे पैसे वाचतील.”

वाटेत सरपणाची मोळी घेतलेल्या एक मावशी भेटल्या. आम्ही धापा टाकतोय, त्या निवांत. म्हणाल्या, “लेणी बघायची तर पावसात यायचं. आता काय, सगळं वाळलंय.” आम्ही हसून मान डोलावली. थंडीत ट्रेक करणाऱ्याला असं कुणी सांगितलं की तो हसून मान डोलावतो आणि विसरतो.

आणि मग झाडी एकदम बाजूला होते आणि लेणं समोर येतं. काय सांगू? कार्ल्याला पायऱ्या आहेत, गर्दी आहे, प्रसादाची दुकानं आहेत. इथं काहीच नाही. कड्याच्या पोटात पिंपळपानाच्या आकाराची भलीमोठी कमान आणि शांतता. ही बौद्ध लेणी इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासची, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुनी. कोकणातल्या बंदरांकडून बोरघाटाकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या वाटेजवळची. गंमत म्हणजे सगळं कोरीवकाम दगडात आहे, पण नक्कल लाकडाची. तुळया, वासे, जाळ्या, सगळं सुतारानं केल्यासारखं. त्या काळी बांधकाम लाकडाचं व्हायचं, दगडात काम करणाऱ्यांनीही डोळ्यांपुढे तेच ठेवलं.

कमानीच्या वरच्या बाजूला नाचणारी जोडपी कोरली आहेत. दुर्बीण इथं कामाला आली. एका जोडप्याकडे तर आम्ही दहा मिनिटं बघत होतो. कमरेत वाक, हात मोकळे आणि एकमेकांवर असा भरवसा, की वाटतं संगीत आत्ताच थांबलंय. नवरोबा म्हणाला, “आपल्या संगीतच्या दिवशी मी तुझ्या पायावर पाय दिला होता.” मी म्हटलं, “दोनदा.”

डावीकडे एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी अक्षरांत एक ओळ आहे. अर्थ एवढाच की कान्हाचा शिष्य बलक यानं हे केलं. बस्स. ना राजाचं नाव, ना पदव्या. स्वतःचं आणि गुरूचं नाव लिहून तो माणूस मोकळा झाला. मी त्या ओळीसमोर जरा जास्तच उभी राहिले. बलकाकडे तरी कुठं सॅलरी स्लिप होती? पण काम त्याचं आहे हे लिहून ठेवायला कुणी त्याला अडवलं नाही. मी हे मोठ्यानं बोलले आणि मग दोघंही गप्प झालो. निरंकचा विषय असा दोन हजार वर्षं मागं जाऊन निघाला.

चैत्याच्या आत गेलं की धक्का बसतो. खांबांच्या रांगा आहेत, पण बऱ्याच खांबांचे खालचे भागच नाहीत. वरचे तुकडे छताला लटकल्यासारखे राहिलेत. स्तूपाचाही खालचा भाग झिजलेला. शेकडो पावसाळ्यांची ओल आणि झिरपणारं पाणी यांनी तळापासून पोखरलं. पावसाळ्यात या कड्यावरून लेण्याच्या तोंडासमोरच धबधबा कोसळतो. फोटोत भारी दिसतो. पण त्या खांबांना विचारा.

शेजारी विहार आहे, भिक्खूंचं राहायचं ठिकाण. मधे दालन आणि तीन बाजूंना खोल्या. आम्ही मोजल्या, अठरा. प्रत्येकीत दगडात कोरलेला ओटा, झोपायला. खोली आमच्या बाथरूमहून फार मोठी नाही. नवरोबा लगेच त्या ओट्यावर आडवा झाला, पाय बाहेर आले. “बघ, इथं कार्पेट एरिया म्हणजे कार्पेट एरिया. सुपर बिल्टअपची भानगड नाही.” हसलो. पण ज्यांच्यासाठी हे खोदलं ते भिक्खू वर्षभर फिरायचे आणि मुक्काम करायचा तो पावसाळ्यात. वर्षावास म्हणतात त्याला. म्हणजे ही जागा बघितली, निवडली आणि खोदली ती पावसाळ्याचा विचार करून. आम्ही मात्र घर बघायला डिसेंबरात निघालो होतो.

(लेण्यात मधमाश्यांची पोळी असतात. धूर, फटाके, मोठ्यानं गाणी असलं काही करू नका. आणि भिंतीवर बदाम कोरायची हौस असेल तर कृपा करून घरीच थांबा.)

खाली उतरलो तेव्हा साडेअकरा झाले होते. साइट होती कर्जत-चौक रस्त्याच्या बाजूला. या रस्त्यावर आता झाडांपेक्षा होर्डिंगं जास्त आहेत. रिव्हरफ्रंट, हिलफ्रंट, नेचरफ्रंट. एजंट आमच्याच वयाचा, ब्लेझर घातलेला, बिचारा उन्हात उभा. सॅम्पल फ्लॅट झक्कास होता, खोटं कशाला बोलू. खिडकीतून डोंगर, बाल्कनीत टेराकोटाची कुंडी. मला ती कुंडी इतकी आवडली की क्षणभर वाटलं, लिहून टाकावं नाव.

नवरोबानं सहज विचारलं, “पाण्याचं काय?” एजंट म्हणाला, “सर, चोवीस तास. धरण येतंय ना.” धरण म्हणजे कोंढाण्याचं. उल्हासवरचं. २०११ मध्ये ज्याचा अंदाजित खर्च ८० कोटींवरून बघता बघता सहाशे कोटींवर गेला आणि सिंचन घोटाळ्याच्या गदारोळात २०१२ मध्ये ज्याचं काम थांबलं, तेच. पुढं ते सिडकोकडे गेलं. ही माहिती मला एका जुन्या असाइनमेंटमुळे होती. एजंटला ती नकोशी झाली असावी. त्यानं विषय बदलला, “मॅडम, व्ह्यू बघा ना!”

व्ह्यू खरंच होता. पश्चिमेला इर्शाळगड, डिसेंबरच्या उन्हात सुळका अगदी कोरल्यासारखा. आणि तिथंच माझी जीभ अडकली. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच गडाच्या पोटातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. २७ जणांचे मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले, शोधकाम थांबवावं लागलं. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, मदत करणारे मुसळधार पावसात डोंगर चढून गेले होते. ती वाडी काही कुणाचं सेकंड होम नव्हती. ठाकरांची पिढ्यान्‌पिढ्यांची घरं होती. एजंटच्या हातातल्या ब्रोशरवर तोच सुळका छापला होता, मागं सूर्योदय.

नदीकडची गोष्टही फार वेगळी नाही. २७ जुलै २०१९ ला उल्हासला पूर आला आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणी-बदलापूरच्या मध्ये पाण्यात अडकली. हजाराहून जास्त प्रवासी, बोटींनी बाहेर काढले. त्या दिवशी आम्ही दोघं डोंबिवलीत आपापल्या घरी टीव्हीसमोर होतो, तेव्हा आमची ओळखही नव्हती. सकाळी धुक्यात जी नदी आम्हाला इतकी गोड वाटली, ती हीच.

“सर, चेक?” एजंटनं विचारलं. नवरोबानं माझ्याकडे बघितलं. मी कुंडीकडे बघितलं. तो म्हणाला, “उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे ना? कळवतो.” गाडीत बसल्यावर मला वाटलं आता भांडण होणार. झालं नाही. पण खोपोली येईपर्यंत रेडिओच बोलत होता.

खोपोलीत चहाला थांबलो. डोंगरावरून उतरणारे ते मोठे पाइप तुम्ही एक्स्प्रेसवेवरून पाहिले असतील. १९१५ पासून टाटांचं वीजघर इथं आहे. लोणावळ्याकडच्या तलावांत पावसाचं पाणी साठवायचं, घाटावरून खाली सोडायचं, त्यावर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या. वीज करून झाली की तेच पाणी पाताळगंगेत. शंभर वर्षांपूर्वीही कुणीतरी पावसाचाच हिशेब करत बसलं होतं.

खोपोलीहून पालीचा रस्ता थंडीत सुरेख असतो. भाताची खाचरं कापून मोकळी, कुठे वालाचे वेल. पालीला बल्लाळेश्वराला हात जोडले, गर्दी होती, लवकर निघालो. जवळच उन्हेऱ्याला गरम पाण्याची कुंडं आहेत. चालून चालून आंबलेले पाय त्या पाण्यात सोडले आणि रेडिओशिवाय पहिलं वाक्य आलं. नवरोबा म्हणाला, “मी त्या फॉर्मवर पटकन हो म्हटलं. तू काही बोलली नाहीस.” मी म्हटलं, “बोलायला हवं होतं.” एवढंच. गंधकाचा वास येत होता, शेजारी एक आजोबा गुडघे चोळत होते. फार रोमँटिक प्रसंग नव्हता, पण पुढचा रस्ता हलका गेला.

रोहा मागं टाकून मुरूडला पोचेपर्यंत अंधारलं होतं. एका वाडीतल्या घरगुती राहण्याच्या जागी उतरलो. काकूंनी दोघांची आधार कार्डं आणि लग्नाची अंगठी अशी दुहेरी तपासणी केली, मग सुरमई आणि सोलकढी वाढली. जेवताना घराची गोष्ट निघाली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा त्यांच्या वाडीतल्या पोफळी दोन-तीन तासांत आडव्या झाल्या. “एक माड आणि देव्हारा, एवढंच उभं राहिलं बघ,” काकू म्हणाल्या. “परत पोफळी लावल्या. सुपारी धरायला वर्षं लागतात.” मी विचारलं, “मग शहरात जावंसं नाही वाटलं?” त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की मी अजून एक तुकडा सुरमई मागितली.

रविवारी सहाला सुपेगावच्या बाजूनं फणसाड. जंजिऱ्याच्या नवाबांचं हे शिकारीचं राखीव रान. त्यांना शिकार करायची होती म्हणून का होईना, झाडं वाचली. १९८६ मध्ये सुमारे ७० चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. गावातला एक वाटाड्या दादा बरोबर आला. पहिली अट घातली, “बोलायचं नाही. वास मारायचा नाही.” माझा डिओ त्याला नाक्यावरच कळला होता.

इथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. किती सुंदर शब्द! झऱ्याचं पाणी, उन्हाळ्यातही टिकणारं. फणसाड हे नावही अशाच एका गाणावरून. डोक्यावर गारंबीचे वेल, मनगटाएवढे जाड, एका झाडावरून दुसऱ्यावर कुठच्या कुठं गेलेले. तिच्या शेंगा हातभर लांब. एका गाणाजवळ आम्ही दीड तास बसलो. एकही शब्द न बोलता. लग्नानंतर मोबाइलशिवाय एवढा वेळ आम्ही शेजारी बसलोच नव्हतो, हे तिथं लक्षात आलं. समुद्र दिसत नव्हता, पण वारा फिरला की खारट ओलावा जाणवायचा.

बिबट्या दिसला नाही, सांबराचे ठसे दिसले. आणि मग वरून टाळी वाजवल्यासारखा खणखणीत आवाज आला. शेकरू! तांबूस-तपकिरी, शेपटी झुपकेदार, दुर्बिणीत डोळे अगदी स्पष्ट. महाराष्ट्राचा राज्यप्राणी फांदीवरून आमच्याकडे वैतागून बघत होता. दादानं बोटानं दाखवलं, एक काटक्यांचं घरटं. मग दुसरं, तिसरं. परत येताना त्यानं सांगितलं, “एकाचीच असतात ही. बांधत राहतो. एक खराब झालं की दुसऱ्यात.” नवरोबा कुजबुजला, “ह्याला ऑफर कुणी दिली असेल?”

सुपेगावला चहा पिताना तो म्हणाला, “मला घर हवंय. खरंच हवंय. आई दर फोनला विचारते. पण चार तास लोकलमध्ये घालवून मी तुला कुठल्या अवस्थेत भेटणार?” मी म्हटलं, मलाही हवंय, पण ज्या घराच्या कागदावर मी निरंक आहे त्याचा हप्ता भरायला मला रात्री जागून लिहायला लागणार, हे मला गिळता येत नाही. तो बराच वेळ कप फिरवत राहिला. मग म्हणाला, “तीन वर्षांचे तुझे आयटी रिटर्न आहेत ना? ते घेऊन दुसऱ्या बँकेत जाऊ. वेळ लागू दे.”

रेंज आली ती काशीदला. सुरूच्या झाडांखाली गाडी लावली आणि फोन वाजलाच. नवरोबानं स्पीकर लावला. “सर, आज रात्री ऑफर क्लोज होतेय.”

“एक काम करा,” नवरा म्हणाला, “जुलैमध्ये फ्लॅट दाखवाल का? चांगला पाऊस असेल त्या आठवड्यात.”

पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, “सर, जुलैमध्ये घर कोण बघतं? आणि पावसात आतला रस्ता जरा... गाडी मेन रोडला लावून चालत यावं लागेल.”

“चालेल,” नवरा म्हणाला.

साळावच्या पुलावरून रेवदंड्याकडे येताना खाडीत ऊन उतरत होतं. कोळ्यांच्या होड्या परतत होत्या. चेक अजून डॅशबोर्डच्या खणातच आहे, पालीच्या पार्किंगच्या पावतीखाली. चेकची मुदत तीन महिने, म्हणजे जुलैपर्यंत तो रद्दीच होणार. जुलैतल्या दुसऱ्या शनिवारवर फ्रिजवरच्या कॅलेंडरमध्ये लाल गोल केलाय. सकाळी कोंडाणे, धबधब्यासकट, आणि दुपारी ती बिल्डिंग. घरात रेनकोट एकच आहे, दुसरा घ्यायचाय.